कुजबुजीतून ध्वनिमुद्रणाकडे : कर्करुग्णांच्या स्वतःच्या आवाजाचा इतिहास

मार्च २०१८. बीबीसीच्या 'रेडिओ ५ लाइव्ह' या वाहिनीने एक नवा पॉडकास्ट सुरू केला. त्याचे नाव 'यू, मी अँड द बिग सी'. बोलणाऱ्या तिघी. रेचल ब्लँड याच वाहिनीवर बातम्या वाचणाऱ्या पत्रकार. डेबोरा जेम्स एका शाळेच्या उपमुख्याध्यापिका. लॉरेन मॅहन 'गर्ल व्हर्सेस कॅन्सर' या नावाने लिहिणारी लंडनची तरुणी. तिघींनाही २०१६ या एकाच वर्षात कर्करोगाचे निदान झालेले होते. ब्लँड आणि मॅहन यांना स्तनाचा, जेम्स यांना आतड्याचा, आणि तोही चौथ्या टप्प्यातला.

तज्ज्ञांना बोलावून रोगाची माहिती देणारे कार्यक्रम त्यापूर्वीही पुष्कळ झाले होते. येथे सूत्रे रुग्णांच्या हाती होती. केस गळतात तेव्हा काय होते, रजा संपल्यावर घर कसे चालते, मूल होण्याची शक्यता मावळते तेव्हा नवराबायको एकमेकांशी काय बोलतात, धीर देण्याच्या नावाखाली लोक काय वाट्टेल ते कसे बोलून जातात, हे विषय. मधूनमधून खो खो हसणे. कर्करोगाच्या चर्चेत हशा ऐकू यावा, याचे पहिल्या श्रोत्यांना नवल वाटले.

ते नवल का वाटावे, हे समजण्यासाठी सुमारे अडीच हजार वर्षे मागे जावे लागते.

ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस याने पर्शियाची राणी अटोसा हिची हकिकत नोंदवली आहे. सम्राट दारियसच्या या राणीच्या स्तनावर गाठ आली. गाठ लहान होती तोवर लाजेपोटी तिने ती लपवली, कोणाजवळही बोलली नाही. गाठ फुटून पसरू लागली तेव्हा तिने डेमोसिडीझ या ग्रीक वैद्याला बोलावले आणि त्याने तिला बरे केले. ती गाठ कर्करोगाचीच होती, असे आज छातीठोकपणे सांगता येत नाही. पण स्तनाच्या दुखण्याच्या या अतिप्राचीन नोंदीत रोगासोबत लाज आणि लपवणूक आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी. आणखी एक गंमत अशी की, हिरॉडोटसला राणीच्या दुखण्यात फारसे स्वारस्य नाहीच. उपचाराच्या बदल्यात वैद्याने राणीकडून वचन घेतले आणि तिने पतीला ग्रीसवर स्वारी करण्यास उद्युक्त केले, हे त्याला सांगायचे आहे. राणीची व्यथा युद्धकथेत येऊन गेलेला एक तपशील ठरली. ती स्वतः काय म्हणाली असती, ते कोणी विचारले नाही.

रोगाचे नाव ग्रीकांनीच ठेवले. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्य त्याला 'कार्किनोस' म्हणजे खेकडा म्हणत. पुढे गेलनने त्याचा खुलासा केला : गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात. आयुर्वेदात गाठींसाठी 'अर्बुद' हा शब्द होता. तरीही मराठीत रुळला तो 'कर्करोग', म्हणजे त्याच ग्रीक खेकड्याचा संस्कृत अवतार. शब्द असा समुद्र ओलांडून आला. बोलण्यात मात्र तो टाळलाच जाई. 'मोठा आजार', 'तो रोग', वर्तमानपत्रात 'दीर्घ आजाराने निधन'. इंग्रजीतले 'बिग सी' हेही मुळात तोंड चुकवण्याचेच नाव. अभिनेता जॉन वेन याच्या फुप्फुसाच्या कर्करोगावर १९६४ साली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आपण या मोठ्या 'सी'ला हरवले असे त्याने पत्रकारांना सांगितले आणि तो शब्दप्रयोग घरोघरी पोहोचला. २०१८ च्या तिघींनी तेच पांघरूण उचलून आपल्या कार्यक्रमाची पाटी केली.

आता अटोसानंतरचा मोठा टप्पा. पॅरिस, ३० सप्टेंबर १८११.

इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी यांचे पती फ्रेंच सेनापती. नेपोलियनच्या युद्धांमुळे हे कुटुंब फ्रान्समध्ये अडकून पडलेले. १८१० च्या उन्हाळ्यात बर्नींच्या उजव्या स्तनात दुखू लागले. त्यांनी बराच काळ ते अंगावर काढले. शेवटी नेपोलियनचा प्रख्यात शल्यविशारद बॅरन लॅरे याने शस्त्रक्रियेचा निर्णय दिला. दिवस आधी कळवायचा नाही, अवघे काही तास आधी निरोप यायचा, असे ठरले. निरोप आला तेव्हा पतीला हे पाहावे लागू नये म्हणून बर्नींनी त्यांना कामाच्या निमित्ताने घराबाहेर राहील अशी तजवीज केली. त्यानंतर काळ्या पोशाखातील सात पुरुष न सांगता त्यांच्या खोलीत शिरले.

गुंगीचे औषध नव्हतेच. ईथर वापरात यायला अजून पस्तीस वर्षे होती. थोडे मद्यमिश्रित पेय, जुन्या गाद्या घातलेला पलंग, आणि चेहऱ्यावर टाकलेला एक तलम रुमाल. तो इतका तलम की त्यातून पोलादाची चकाकी दिसत होती. पुढची वीस मिनिटे त्यांनी पूर्ण शुद्धीत काढली. छेद चालू असेतो आपण किंचाळत होतो, सुरी छातीच्या हाडावर खरवडताना जाणवत होती, आणि शेवटी डोळे उघडले तेव्हा लॅरेचा चेहरा आपल्याइतकाच पांढराफटक पडलेला दिसला, हे सारे त्यांनी बहीण एस्थरला लिहिलेल्या पत्रात आहे. ते पत्र पुरे व्हायला अनेक महिने लागले. लिहिलेले पुन्हा वाचवत नव्हते, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे.

मग लिहिले कशासाठी? एक कारण सरळ होते : बहिणीला हे उडत्या बातम्यांतून कळण्याऐवजी आपल्या तोंडून कळावे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. घरातील कोणा स्त्रीवर अशी वेळ आलीच तर तिने आपल्याइतका उशीर करू नये, ही तळमळ त्या पत्रात स्पष्ट दिसते. अटोसाची लाज तिसऱ्याने नोंदवली. बर्नींनी स्वतःचा उशीर स्वतःच कबूल केला, आणि तो दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडावा म्हणून केला. रुग्णाने स्वतः बोलण्याची गरज कशात आहे, हे १८१२ सालीच एका स्त्रीने ओळखले होते. (बर्नी १८४० पर्यंत जगल्या. एवढे आयुष्य लाभल्यामुळे ती गाठ खरोखर कर्करोगाची होती का, याविषयी अभ्यासक साशंक असतात. वेदना मात्र खरीच होती.)

परंतु हे बोलणे घरापुरते राहिले. चव्हाट्यावर येण्यास आणखी दीड शतक लागले, आणि त्या दीड शतकाच्या अखेरीस मौन सैल होण्याऐवजी घट्टच झालेले दिसते. सिद्धार्थ मुखर्जी यांच्या 'द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज' या ग्रंथात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचा एक किस्सा आहे. फॅनी रोझेनाउ नावाच्या स्त्रीने स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांच्या मंडळाची जाहिरात देण्यासाठी 'न्यू यॉर्क टाइम्स'ला दूरध्वनी केला. 'स्तन' हा शब्द छापता येणार नाही आणि 'कर्करोग' हाही नाही, असे उत्तर मिळाले. छातीच्या भिंतीच्या विकारांविषयी सभा आहे असे छापले तर चालेल का, अशी विचारणा झाली. त्यांनी संतापून दूरध्वनी ठेवून दिला.

वैद्यकाची रीतही याहून वेगळी नव्हती. १९६१ साली डॉनल्ड ओकेन यांनी शिकागोच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध केली. रुग्णाला कर्करोगाचे निदान सांगू नये, याकडे तब्बल ९० टक्के डॉक्टरांचा कल होता. कारण द्यायचे ते दयेचे : आशा खचेल, माणूस हातपाय गाळेल. दया खोटी नव्हती. पण तिचा परिणाम असा होई की घरच्यांना सारे ठाऊक, डॉक्टरांना ठाऊक, आणि ज्याच्या देहात ते घडते आहे तोच अंधारात. भारतातील कित्येक घरांना हे चित्र परके वाटणार नाही.

त्या काळच्या एका प्रघाताची माहिती येथे आवश्यक आहे. स्तनात गाठ आढळली की स्त्रीला भूल देत, गाठीचा तुकडा काढून तेथल्या तेथे तपासत, आणि दोष आढळला तर तिला शुद्धीवर न आणताच संपूर्ण स्तन काढून टाकत. शस्त्रक्रियेला जाताना आपण काय घेऊन उठणार आणि काय गमावून, हे तिला माहीत नसे. निर्णयाच्या क्षणी ती अक्षरशः बेशुद्ध असे.

या प्रघाताला जाहीर धक्का दिला तो एकेकाळच्या बालतारका शर्ली टेंपल ब्लॅक यांनी. १९७२ साली त्यांनी आधी फक्त तपासणी करू दिली. पुढचा निर्णय आपण शुद्धीत घेऊ, असे बजावले, आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातूनच पत्रकारांना सारे सांगितले. १९७४ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या प्रथम महिला बेटी फोर्ड यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. पती राष्ट्राध्यक्ष होऊन दोन महिनेही झाले नव्हते. वॉटरगेट प्रकरणातील लपवाछपवीला देश विटलेला असताना त्यांनी हे दुखणे लपवले नाही. देशभर स्त्रिया तपासणीसाठी गेल्या. त्या वर्षीच्या अमेरिकी आकडेवारीत स्तनाच्या कर्करोगाच्या निदानांचा जो अचानक उंचवटा दिसतो, त्याला संशोधक त्यांचेच नाव जोडतात. पत्रकार रोझ कुशनर यांनी तर त्या एकाच भुलीत सारे उरकण्याच्या प्रघाताविरुद्ध मोहीमच उघडली. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञमंडळाने तपासणी आणि शस्त्रक्रिया या दोन वेगळ्या पायऱ्या असाव्यात, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी ओकेन यांच्यासारखीच आणखी एक पाहणी प्रसिद्ध झाली. आता ९७ टक्के डॉक्टर निदान सांगण्याच्या बाजूचे होते. अठरा वर्षांत वैद्यकीय शिष्टाचार उलटा झाला होता. उपचार सुधारले, हे त्याचे एक कारण. रुग्ण बोलू लागले, हे दुसरे. दुसऱ्या कारणाला इतिहासात पुरेसे श्रेय मिळत नाही.

बोलायचे कसे, यावर मात्र बोलणाऱ्यांतच मतभेद होते. सुझन सोंटाग यांनी १९७८ साली 'इलनेस ॲज मेटाफर' हा निबंध लिहून लढाई, शत्रू, आक्रमण या भाषेवर कडाडून हल्ला चढवला. रोगाला युद्धाची रूपके दिली की मरणारा माणूस पराभूत ठरतो, लढाईत कमी पडलेला ठरतो, हा त्यांच्या विवेचनाचा एक रोख. सोंटाग स्वतः तेव्हा नुकत्याच स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांतून गेल्या होत्या. पण निबंधात त्याचा उल्लेख नाही. उलट कवयित्री ऑड्रे लॉर्ड यांनी १९८० च्या 'द कॅन्सर जर्नल्स'मध्ये सारे स्वतःच्याच नावावर मांडले. शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम स्तन वापरण्यास त्यांनी नकार दिला होता. त्याविना दवाखान्यात आल्याने इतरांचे मनोधैर्य खचते, असे एका परिचारिकेने त्यांना सुनावले. बोला, पण दिसू देऊ नका : मौनाने नवा वेश घेतला होता, आणि लॉर्ड यांनी तो ओळखला.

ब्रिटनमध्ये हे वारे वर्तमानपत्रांच्या स्तंभांतून आले. १९९७ साली रुथ पिकार्डी यांनी 'ऑब्झर्व्हर'मध्ये आपल्या शेवटच्या महिन्यांविषयी जेमतेम काही लेख लिहिले आणि त्याच सप्टेंबरात, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्या गेल्या. त्याच वर्षी 'टाइम्स'चे स्तंभलेखक जॉन डायमंड यांना घशाचा कर्करोग झाला. नभोवाणीवर बोलणाऱ्या या माणसाची जीभ शस्त्रक्रियेत गेली. लेखणी २००१ मधील मृत्यूपर्यंत चालू राहिली. छापील शब्दाची ताकद त्यांच्या लेखनात दिसते. त्याची मर्यादाही दिसते : लिहिलेले वाक्य नीटनेटके होऊन येते. त्यात मध्येच दाटलेला कंठ येत नाही.

ती उणीव भरून काढणारे साधन तोवर जन्मले नव्हते. 'पॉडकास्ट' हा शब्दच २००४ च्या फेब्रुवारीत बेन हॅमर्सली यांनी 'गार्डियन'मधील एका लेखात सुचवला. २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली. नभोवाणीपेक्षा त्याचा गुण वेगळा. ठरलेली वेळ नाही, मिनिटांची कात्री नाही, आणि ऐकणारा बहुधा एकटा, कानात यंत्र घालून. रात्री झोप न येणाऱ्या रुग्णाला दोन वाजताही तो आवाज सोबत करू शकतो.

'यू, मी अँड द बिग सी'ने या साधनाचा पुरेपूर उपयोग केला. त्याचे ऐतिहासिक वेगळेपण मात्र कार्यक्रम सुरू झाल्यानंतर, कोणी न योजता घडले. तोवरच्या बहुतेक कर्ककथा बरे झालेल्यांनी सांगितलेल्या होत्या किंवा मृत्यूनंतर इतरांनी संपादित केलेल्या होत्या. येथे कथा चालू असतानाच निवेदिकेचे भवितव्य बदलले. मे २०१८ मध्ये रोग पसरल्याचे आणि बरा होणार नसल्याचे ब्लँड यांना कळले. त्या बोलत राहिल्या. सप्टेंबरच्या प्रारंभी, आपल्याकडे मोजकेच दिवस उरले आहेत, असे त्यांनी समाजमाध्यमावर स्वतःच जाहीर केले. त्याच दिवसांत हा पॉडकास्ट ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. ५ सप्टेंबर २०१८ रोजी, वयाच्या ४० व्या वर्षी, ब्लँड यांचे निधन झाले. त्यांच्या लहानग्या मुलासाठी लिहिलेले आठवणींचे पुस्तक पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले.

कार्यक्रम थांबला नाही. पती स्टीव्ह ब्लँड निवेदकांत सामील झाले आणि मागे राहिलेल्याचा शोक हाही त्याचा विषय झाला.

डेबोरा जेम्स यांचे काम एका अर्थाने अधिक अवघड होते. स्तनाच्या कर्करोगाविषयी बोलण्याची वाट शर्ली टेंपल यांच्यापासून मळलेली होती. आतडे, शौच, विष्ठेतील रक्त यांविषयी सभ्य समाजात कोण बोलणार? जेम्स बोलल्या. 'बॉवेलबेब' हे नाव घेऊन, विष्ठेच्या आकाराचा पोशाख चढवून, नाचत, हसत बोलल्या. हे काहींना उथळ वाटले. पण अटोसाने गाठ लपवली ती ज्या लाजेने, तीच लाज आतड्याच्या रुग्णांना दवाखान्यापासून दूर ठेवत होती. त्या लाजेवर गांभीर्याची मात्रा चालली नव्हती, हेही खरे.

९ मे २०२२ रोजी, आता उपचार थांबले असून अखेरची शुश्रूषा चालू आहे, असे जेम्स यांनी जाहीर केले आणि संशोधनासाठी निधी उभारला. अपेक्षा अडीच लाख पौंडांची होती; एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक जमले. त्याच आठवड्यात राजपुत्र विल्यम यांनी त्यांच्या आईवडिलांच्या घरी जाऊन त्यांना 'डेम' हा किताब दिला. २८ जून रोजी त्या गेल्या, तेव्हा निधी सत्तर लाखांच्या घरात होता. मे ते जुलै या तीन महिन्यांत इंग्लंडमध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या संशयावरून तपासणीस पाठवलेल्यांची संख्या आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा तीस हजारांहून अधिक वाढल्याचे तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेने सांगितले. पुढे शौचकागदाच्या वेष्टणांवर लक्षणांची यादी छापली जाऊ लागली. बर्नींची बहिणीच्या घरापुरती तळमळ येथे देशभराची झाली.

या यशाला दुसरी बाजू आहे. आवाज कोणाचा पोहोचतो? तरुण, बोलक्या, माध्यमांची रीत जाणणाऱ्या व्यक्तींचा. कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण वयस्क असतात, आणि धूम्रपानाचा ठपका डोक्यावर घेऊन वावरणाऱ्या फुप्फुसाच्या रुग्णाला अजूनही मन मोकळे करणे जड जाते. प्रसिद्धीचा लोंढाही आंधळा असतो : २००५ साली गायिका कायली मिनोग यांच्या आजाराची बातमी आल्यावर ऑस्ट्रेलियात स्तनतपासणीच्या नोंदण्या ४० टक्क्यांनी वाढल्या. ज्यांना धोका कमी त्या स्त्रियाही रांगेत आल्या, तर जिला खरी गरज तिची रांग लांबते, अशी चिंता तेथील तज्ज्ञांनी तेव्हाच व्यक्त केली होती.

मृत व्यक्तीचा आवाज मागे उरणे ही कल्पना मात्र भारतीय प्रेक्षकाला २०१८ च्या बरीच आधी भेटली होती. १९७१ चा हृषीकेश मुखर्जी यांचा 'आनंद' मुंबईत घडतो. नायकाला आतड्याचा कर्करोग आहे, आणि तो तेव्हाच्या रीतीविरुद्ध त्याला स्वतःला पुरता ठाऊक आहे. रोगाचे नाव तो चेष्टेच्या सुरात घेतो. आसपासच्या धडधाकट माणसांचेच चेहरे उतरतात. शेवटी तो गेल्यावर डॉक्टर मित्र त्याला बोलण्यासाठी विनवत असतो, आणि ध्वनिमुद्रण यंत्राच्या फिरत्या फितीतून आनंदचा आवाज खोलीत उमटतो. त्या काळी एवढा मोकळेपणा पडद्यावरच्या कल्पित माणसालाच परवडत होता.

सत्तेचाळीस वर्षांनी तशी फीत खऱ्या माणसांनी भरली. 'यू, मी अँड द बिग सी'चे मार्च २०१८ मधील सुरुवातीचे भाग ऐकताना रेचल ब्लँड हसताना ऐकू येतात. आपला रोग असाध्य आहे हे त्यांना कळायला अजून दोन महिने आहेत. ऐकणाऱ्याला ते ठाऊक असते.